खालून दुसरा

शनिवारी सहाला, रावपुऱ्यात माणसं सेव-उसळीकडे वळतात तेव्हा
मी सयाजीगंजमध्ये तिसऱ्या मजल्यावर
कानात हेडफोन घालून
नेदरलँड्सच्या एका खेड्यातला चिखल बघत असे.

क्लबचं नाव ऑस्टरव्हेन.
विभाग चौथा की पाचवा, ते मोजणाऱ्यावर.
कॅमेरा एकच, कुठल्याशा शेडवर बांधलेला,
वारा सुटला की अख्खं मैदान हलायचं.
थ्रो-इन, बटण सात. कॉर्नर, बटण चार.
गोल झाला तर लाल, दोन सेकंदांच्या आत.
उशीर झाला की केतुलभाईंच्या तक्त्यात
माझ्या नावापुढे टिंब.

कुणाची बाजू घ्यायची नाही,
हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
सप्टेंबरभर नाहीच घेतली.
मग नवरात्रातल्या एका शनिवारी त्यांनी सहा गोल खाल्ले
आणि हारमेन, गोलकीपर, चाळिशीचा, गुडघ्याला पट्टी,
त्याने सहाव्यांदा जाळ्यातून चेंडू काढला
आणि शर्टाला पुसून पुढे दिला.
पुसला.
कशाला पुसला?
परतताना गल्लोगल्ली गरबा चालू होता,
मी हॉर्न न वाजवता उभी, तेच विचारत.

हळूहळू चार शब्द कळायला लागले.
काठावरची म्हातारी माणसं 'बाउटनस्पेल' ओरडायची,
म्हणजे ऑफसाइड. शब्द फोडला तर
बाहेरचा खेळ.
आम्ही पाच पिढ्या बडोद्यात, घरात मराठी, दारात गुजराती,
मला तो शब्द लगेच पाठ झाला.

थंडीत त्यांची घड्याळं तासभर मागे गेली,
उत्तरायणाला त्यांचं मैदान गोठलं, सामना रद्द.
मी गच्चीवर, बाबांच्या हातात फिरकी.
बत्तीस वर्षं जकातनाक्यावर काढलेला माणूस,
खेळाशी संबंध शून्य, पण तक्ता दिसला की वाचणार.
"आपले कितवे?"
"खालून दुसरे."
"मग खाली एक आहे ना अजून," म्हणाले
आणि ढील दिली.

मार्चमध्ये दोन सामने जिंकले.
एक गोल खरं तर वाऱ्याने केला,
मी योरिटच्या नावावर टाकला.
त्याला त्या मोसमात दुसरा कुठला होता?

मे. बाहेर त्रेचाळीस, एसी नुसताच गुरगुरणारा.
बरोबरी पुरत होती त्यांना.
एकोणनव्वदाव्या मिनिटाला एक-एक,
आणि पेनल्टी.
हारमेन बरोबर बाजूला झेपावला.
बोटं लागली. मी बघितलं, बोटं लागली होती.
चेंडू खांबाच्या आतून.

मी बटण दाबलं नाही.
अकरा सेकंद.
ते अकरा सेकंद जगातल्या एकाही पडद्यावर
दोन-एक झालेलं नव्हतं.

केतुलभाई मागे येऊन उभे राहिले.
टिंब दिलं, मग खोडलं,
कारणाच्या रकान्यात लिहिलं : नेटवर्क.
म्हणाले, "त्याच्या खालच्या विभागाचं फुटेज आपण लेतो नाही."
घाईत त्यांचं मराठी असं होतं.

सोमवारी पत्र आलं.
वरचा विभाग मला, नऊ कॅमेरे,
गवत इतकं हिरवं की खोटं वाटावं,
पगारात अठराशेची वाढ.
पेढे आणले. बाबांनी अर्धा तोडला.
"आणि आपले?"
"गेले."
"कुठे?"
"खाली."
"खाली म्हणजे कुठे गं? गाव तर तेच ना?"
मला उत्तर आलं नाही, अर्धा पेढा मी खाल्ला.

आता माझे सामने रात्री साडेअकराला.
गोलकीपर हातमोजे घालतात, चेंडू कुणी पुसत नाही,
पुसायला त्यावर काही नसतंच.

काल, शनिवारी, सहाच्या सुमाराला
काळ्या घोड्याच्या सिग्नलला थांबले होते.
स्कूटरच्या हँडलवर माझा अंगठा
आपोआप सरकला, सातवर असावा तसा.
मागचा रिक्षावाला ओरडला,
दिवा कधीचा हिरवा झाला होता.